साखळीशिवाय बोट वर ओढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत पाण्यातली बोट ट्रेलरवर कशी घ्यावी, यावर लेख आहे. भाषा सोपी आहे, रेखाचित्रंही स्वच्छ आहेत. म्हणूनच राग जास्त आला, कारण असा लेख लोक कापून ठेवतात. विंचचा, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या खांबावरच्या हाताने फिरवायच्या चरखीचा, पट्टा बोटीच्या पुढच्या कडीला अडकवा, घट्ट करा आणि गाडी वर काढा, एवढं सांगून लेख संपतो. सेफ्टी चेन, म्हणजे बोटीला ट्रेलरशी धरून ठेवणारी साखळी, हा शब्दच त्यात नाही!

माझ्या धाकट्या भावाचा हात याच चुकीपायी अधू झाला. बोट ओळखीतल्या एकाची होती आणि भाऊ नुसता मदतीला गेला होता. साखळी विंचच्या खांबाला लटकत होती. भावाने विचारलंही, पण मालक म्हणाला, “वर सपाटीला गेल्यावर लावू, मागे लोक खोळंबलेत.” विंच उलटा फिरू नये म्हणून असलेला खटका दातात नीट बसलेला नव्हता. बोटीचा मागचा भाग पाण्याबाहेर येताच तिचं सगळं वजन उताराच्या दिशेने ओढायला लागलं, पट्टा सुटत गेला आणि हँडल उलटं गरगरलं. भावाच्या मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडली. बोट मागच्या मागे काँक्रीटवर आपटली. तिच्यामागे गुडघाभर पाण्यात एक मुलगा उभा होता. कुणीतरी त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं म्हणून तो वाचला. भावाला आजही त्या हाताने स्क्रू पिळता येत नाही. मालकाने बोट दुरुस्त करून घेतली, पण भावाची चौकशी करायला एकदाही आला नाही.

विंच हे ओढायचं साधन आहे. धरून ठेवायला साखळी असते. ती ट्रेलरच्या सांगाड्याला जोडलेली असते, त्यामुळे पट्टा उन्हाने कुजलेला असो की खटका झिजलेला, तिला फरक पडत नाही. बोट पाण्यात सोडायच्या उतरणीचा, म्हणजे रॅम्पचा, उतार साधारण 12 ते 15 टक्के असतो, म्हणजे आठ मीटरला जवळपास एक मीटर. त्यात बोट ज्यांवर टेकते त्या ट्रेलरच्या आधारफळ्या ओल्या, आणि फळ्यांऐवजी रोलरचा ट्रेलर असेल तर बोटीला अडवायला काहीच नाही. तळाशी 200 लिटर पाणी साचलेलं असेल तर 200 किलो वजन आणखी वाढतं. गाडी जागची हलण्याआधीच साखळी लागली पाहिजे, वर गेल्यावर नव्हे.

तिसऱ्या चित्रात एक माणूस बोटीला मागून ढकलताना दाखवला आहे. त्या जागी कुणीही उभं राहता कामा नये. ताणलेल्या पट्ट्याच्या रेषेतही नाही, कारण तुटलेला पट्टा सपकन मागे येतो.

थ्रॉटल वाढवून बोट थेट ट्रेलरवर चढवण्याचा सल्लाही चुकीचा आहे. पंख्याच्या झोताने काँक्रीट संपतं तिथली माती उकरली जाते, खड्डा पडतो आणि पुढच्या माणसाच्या ट्रेलरचं चाक त्यात उतरतं. आधारफळ्या दोन तृतीयांशाच्या आसपास बुडतील इतकाच ट्रेलर पाण्यात घेतला तर बहुतेक बोटी विंचनेच जागेवर बसतात. फार खोल घेतला तर बोट तरंगत राहते आणि वर येताना तिरकी बसते.

आणखी एक. इंजिन वर उचलून ठेवण्याची सूचना तुम्ही करड्या चौकटीत पांढऱ्या बारीक अक्षरांत छापली आहे. ती वाचायला मला भिंग घ्यावं लागलं. आपली पुरवणी गेले कित्येक महिने अशीच निघते आहे. सुरक्षेच्या सूचना तरी काळ्या ठळक अक्षरांत छापा.

लेखाची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच जागेत यावी, ही विनंती. क्रम असा द्यावा: बोटीचं नाक रबरी अडणीला टेकेपर्यंत ओढणं, विंचचा खटका बसल्याचं डोळ्यांनी पाहणं, साखळी लावणं, इंजिन वर घेणं, माणसं बाजूला करणं आणि मग गाडी. मागचे पट्टे सपाटीवर, रॅम्प मोकळा करून बांधावेत. आणि तिसरं चित्र नव्याने काढून घ्यावं, त्यात बोटीमागे माणूस नको.

आपला,
एक नियमित वाचक