पाडव्याआधी एक सुती चादर द्या

नमस्कार. आम्ही चंद्रपुरातले काही डॉक्टर. कोणी बालरोगतज्ज्ञ, कोणी जनरल प्रॅक्टिसवाले. एक दाताचे डॉक्टरही आहेत, आणि सगळ्यांत जास्त धावपळ तेच करतात. बदलतं हवामान आणि आपली तब्येत या विषयावर आम्ही शाळांत, बांधकामांवर, तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांशी जाऊन बोलतो. या उन्हाळ्यासाठी तुमची मदत हवी आहे.

मागच्या मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या एका माणसाला ऑटोतून आणलं. अंगावर ब्लँकेट, खिशात कांदा. "गोळी दिली, पांघरूण घातलं, तरी ताप उतरत नाही जी," बायको सांगत होती. तो तिलाही ओळखत नव्हता. थर्मामीटरवर १०६.

तो ताप नव्हता, त्याला ऊन लागलं होतं. तापात मेंदूच शरीराला तापवतो, म्हणून पॅरासिटामॉल चालतं. उष्माघातात उष्णता बाहेर टाकणंच शरीराला जमेनासं होतं; तिथे गोळीचा उपयोग शून्य आणि ब्लँकेट म्हणजे घात. कपडे सैल करून अंगभर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि हे करत करतच दवाखाना गाठायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. माणूस वाचला. पण येताना वाटेत दोन हापशा लागल्या होत्या, हे त्याच्या बायकोनंच नंतर सांगितलं.

"ऊन काय आजचं आहे का?" असं लोक विचारतात. नवतपा आजोबांच्या काळीही होताच. पण कोळसा आणि तेल जाळून हवेत साठलेला कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवून धरतो, त्यामुळे जुन्याच उन्हावर भर पडत चालली आहे. रात्रीही टिनाखालचं घर निवत नाही आणि अंगाला उसंत मिळत नाही. कोळशाच्या गावात राहून हे बोलणं अवघड आहे. आमचे कितीतरी पेशंट खाणीत आणि वीज केंद्रात कामाला आहेत, आमच्या दवाखान्यातला एसीही त्याच विजेवर चालतो. तरी बोलायला हवं.

तयारीनं फरक पडतो. २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा हजाराहून जास्त माणसं दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहरानं उष्णतेचा कृती आराखडा केला, देशातला पहिला. आमची उडी एवढी मोठी नाही. आशाताईंकडे आणि बांधकामांवर एकेक पिशवी ठेवायची आहे: जुन्या सुती चादरी (ओल्या करून अंगावर टाकायला), डिजिटल थर्मामीटर, ओआरएस. ओआरएस म्हणजे एक लिटर पाण्यात कालवायची पावडर, डब्यातलं गोड सरबत नव्हे. शिवाय वस्तीतल्या टिनाच्या छतांना चुना मारायचा आहे. पांढरं छत ऊन परतवतं, खोली कमी तापते. त्यासाठी चुना, ब्रश, शिडी आणि रविवारी सकाळी दोन तास देणारे हात हवेत.

पैसेही चालतील, पन्नास रुपये असले तरी. पावती मिळेल, मात्र करसवलत मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्यापैकी कोणाच्याही दवाखान्यात काउंटरवर वस्तू द्या, गुढीपाडव्यापर्यंत. चादरी धुऊन आणा. फाटक्या चालतील, नायलॉनच्या नकोत.