‘ई-सिम नंबर’ म्हणजे नेमका कोणता?

मा. संपादक,
स. न.

चालू सिमचं ई-सिम (म्हणजे कार्डाऐवजी फोनमधल्याच चिपमध्ये उतरवलेलं सिम) करून घेणाऱ्यांची ठाण्यात आणि नवी मुंबईत सध्या बरीच लगबग आहे. कुणी नवा फोन घेतलेला असतो, कुणाला अमेरिकेतल्या मुलाने फोन पाठवलेला असतो आणि त्यात सिम घालायला खाचच नसते. (तिथे विकले जाणारे आयफोन 14 पासून, म्हणजे 2022 पासून, असेच येतात.) गोखले रोडवरचं दुकान असो की वाशीतली कंपनीची गॅलरी, काउंटरवर पहिला प्रश्न येतो, “ई-सिम नंबर सांगा.” गोंधळ तिथेच सुरू होतो, कारण या एका नावाने दोन निरनिराळे नंबर मागितले जातात.

पहिला ईआयडी. हा फोनच्या आत बसवलेल्या ई-सिम चिपचा क्रमांक, 32 अंकी. चिप कारखान्यात तयार होते तेव्हाच तो तिच्यात लिहिला जातो. कंपनी बदला, मोबाइल नंबर बदला, फोन फॅक्टरी रीसेट करा, तो तोच राहतो. दुसरा आयसीसीआयडी. त्या चिपमध्ये उतरवलेल्या सिमचा हा क्रमांक, 19 किंवा 20 अंकी, साध्या सिमकार्डावर बारीक छापलेला असतो तसाच. कंपनी बदलली की हा बदलतो. ईआयडी म्हणजे खोलीचा नंबर आणि आयसीसीआयडी म्हणजे त्या खोलीच्या भाडेकराराचा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

फसगत होते ती दोन्हींची सुरुवात 89 ने होते म्हणून. 89 हा दूरसंचार क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय आकडा. भारतीय सिमवर त्यापुढे 91 येतो. ईआयडीत मात्र 91 शोधत बसू नये. तिथे बहुतेक वेळा चिप पुरवणाऱ्या कंपनीच्या देशाचा आकडा असतो. 89049 ने सुरू होणारा ईआयडी जर्मन पुरवठादाराचा, 89033 वाला फ्रेंच. ते पाहून “फोन परदेशी निघाला” म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

ईआयडी शोधायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे डायल पॅडवर *#06# दाबणे. कॉलचं बटण दाबावं लागत नाही, पडदा आपोआप उघडतो. आयफोनवर आणि ई-सिम असलेल्या बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्यात ईआयडी आणि आयएमईआय (खुद्द फोनचा ओळख क्रमांक) दोन्ही दिसतात. तिथे नसेल तर आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं जाऊन खाली सरकायचं. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, स्टेटस इन्फर्मेशन. पिक्सेलमध्ये अबाउट फोनच्याच पानावर खाली. बाकीच्या अँड्रॉइडमध्ये दर मॉडेलला मेनूची नावं फिरतात, तेव्हा सेटिंग्जच्या शोधपट्टीत इंग्रजीत ईआयडी टाइप करणं बरं. आयफोनच्या खोक्यावरच्या बारकोडच्या लेबलवरही तो छापलेला असतो.

खोक्यावर मात्र आंधळा विश्वास नको. ई-सिम चिप मदरबोर्डला पक्की जोडलेली असते. वॉरंटीत बोर्ड किंवा अख्खा फोन बदलून मिळाला असेल तर खोक्यावरचा ईआयडी जुन्या बोर्डाचा आणि फोनमधला नव्याचा. खोकं पाहून अर्ज भरला की ई-सिम भलत्याच चिपच्या नावाने तयार होतं आणि आपल्या फोनवर काही उतरत नाही. कारण कंपनीचा सर्व्हर ते ई-सिम दिलेल्या ईआयडीला बांधून ठेवू शकतो, आणि मग ई-सिम उतरवण्यासाठी कंपनीने दिलेला क्यूआर कोड कितीही वेळा स्कॅन केला तरी दुसरी चिप नाकारलीच जाते. सेकंडहँड फोन घेतानाही खोक्यावरचा आणि पडद्यावरचा आकडा ताडून पाहावा. जुळला नाही म्हणजे फोन चोरीचाच असं नव्हे, पण विकणाऱ्याला दुरुस्तीची पावती जरूर मागावी.

आता लिहून घेण्याबद्दल. 32 अंक एका दमात वाचून दाखवले की एखादं शून्य हमखास गळतं. चार-चार अंकांचे आठ गट करावेत. शेवटच्या गटात तीनच उरले तर मागे कुठेतरी घसरलंय. ईआयडीत फक्त अंक असतात, इंग्रजी ओ किंवा आय कुठेही नसतो. शक्यतो टाइप करूच नये. आयफोनच्या अबाउट पानावर त्या नंबरवर बोट दाबून धरलं की कॉपीचा पर्याय येतो. ईआयडीचे शेवटचे दोन अंक पडताळणीचे असतात. अख्ख्या 32 अंकी संख्येला 97 ने भागलं तर बाकी 1 उरायला हवी. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तरी हा हिशेब बिघडतो. मात्र चूक कुठे झाली ते त्यातून कळत नाही, सगळा नंबर पुन्हा तपासावा लागतो. आयएमईआय 15 अंकीच असतो. काही फोनवर त्यापुढे तिरकी रेघ आणि 01 असं दिसतं, ते त्यात धरू नये.

ईआयडी कुठेच सापडला नाही तर त्या फोनला ई-सिम नाही असं समजावं. चीनच्या मुख्य भूमीसाठी बनलेल्या बऱ्याच आयफोनमध्ये ई-सिमऐवजी दोन सिमकार्डांची सोय असते. काही अँड्रॉइड मॉडेलं एका देशात ई-सिमसह तर दुसऱ्या देशात त्याशिवाय विकली गेली आहेत, नाव मात्र एकच. सॉफ्टवेअर अपडेटने नसलेली चिप उगवत नाही. उलट, परदेशातून आलेल्या फोनमध्ये ईआयडी दिसतो तरी ई-सिम चालत नाही, असंही होतं. फोन तिथल्या कंपनीला बांधलेला असतो. आयफोनच्या अबाउट पानावर कॅरिअर लॉकसमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलेलं नसेल तर आधी तो सोडवून घ्यावा लागतो.

प्रत्येक कंपनीला ईआयडी लागतोच असं नाही. एअरटेलच्या एसएमएस पद्धतीत 121 वर नोंदवलेला ईमेल पत्ता पाठवायचा असतो. जिओच्या पद्धतीत 199 वर इंग्रजी अक्षरांत ‘गेटईसिम’, जागा सोडून 32 अंकी ईआयडी, पुन्हा जागा सोडून 15 अंकी आयएमईआय. त्यावर जे उत्तर येतं त्यात 19 अंकी नंबर असतो, आणि पुढच्या संदेशात पाठवायचा तो हा, ईआयडी नव्हे. निम्मे लोक इथे अडखळतात.

दूरसंचार विभागाच्या नियमानुसार सिम बदलल्यावर 24 तास त्या नंबरवर एसएमएस येत-जात नाहीत. म्हणजे बँकेचा ओटीपी नाही. गणपतीला गावी जायचं तत्काळ तिकीट उद्या काढायचं असेल किंवा हप्त्याची शेवटची तारीख आली असेल, तर ई-सिमचं काम दोन दिवस पुढे ढकलावं.

“ईआयडी कुणाला दिला तर नंबर चोरीला जाईल का?” असं विचारणारे पुष्कळ. नुसत्या ईआयडीने काही होत नाही, सिमधारकाची संमती लागते. भामटे असतात ते त्या संमतीच्याच मागे. फोन करून ते “केवायसी अपडेट” किंवा “नेटवर्क अपग्रेड” सांगतात, एक तयार संदेश पाठवतात आणि तो कंपनीच्या नंबरवर पुढे ढकलायला लावतात. त्या संदेशातला 32 अंकी आकडा त्यांच्या फोनचा असतो. तो पाठवून होकार दिला की आपला नंबर त्यांच्या चिपमध्ये. ईमेलवाल्या पद्धतीत आकड्याऐवजी त्यांचा ईमेल पत्ता असतो, एवढाच फरक. म्हणून असा संदेश आला की *#06# दाबून शेवटचे चार अंक ताडून पाहावेत. मागणी आपण केलेली नसताना ई-सिमची विचारणा आली तर होकार देऊच नये. पाठवून बसला असाल आणि फोनची रेंज अचानक गेली तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनी, बँक आणि 1930 ही सायबर हेल्पलाइन. रेंज परत येईल म्हणून थांबू नये.

मोबाइल कंपन्यांकडे मागणी छोटी आहे. अर्जावर आणि संदेशांत नुसतं ‘ई-सिम नंबर’ लिहू नये. एका रकान्यावर ‘फोनमधील चिपचा क्रमांक (32 अंकी)’ आणि दुसऱ्यावर ‘सिमचा क्रमांक (19 अंकी)’ असं मराठीत छापावं, आणि पहिल्या रकान्यात चार-चार अंकांच्या आठ चौकटी आखाव्यात.

— मोबाइल विक्री व दुरुस्ती व्यवसायातील काही वाचक, नौपाडा, ठाणे