दमट हवेत धावायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सादर प्रणाम.

आपल्यासमोर उभे राहून आभार मानण्याचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा आपण "आज वजन किती भरले?" असे विचारून विषय बदललात. म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते उघड लिहिण्याचे कारण असे की, मुंबई-ठाण्यापासून खाली कोकणपट्टीपर्यंत पहाटे उठून धावणारी माझ्यासारखी कितीतरी माणसे आहेत आणि आपण मला जे शिकवलेत, ते त्यांतल्या बहुतेकांना कोणी सांगितलेले नाही.

ऑक्टोबरमधली ती अर्धमॅरेथॉन खाडीलगतच्या रस्त्यावर होती. आयोजकांचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. पाहुण्यांना यायला उशीर झाला म्हणून पावणेसहाची स्पर्धा पावणेसातला सुटली आणि तो गेलेला एक तास पुढे उन्हात मोजावा लागला. मी चार महिने वातानुकूलित व्यायामशाळेतल्या ट्रेडमिलवर तयारी केली होती आणि तिथला वेग मनगटावरच्या घड्याळात बसवून धावत होते. सतराव्या किलोमीटरनंतरचे मला काहीही आठवत नाही. पुढचे सारे इतरांनी सांगितलेले आहे. मी रस्ता सोडून कोळीवाड्याच्या दिशेने वळले. आपण आपल्या विद्यार्थ्यांसाठी तिथे उभे होता. आपण माझे नाव विचारलेत, तेव्हा मी लग्नाला अठरा वर्षे झालेली असताना माहेरचे आडनाव सांगितले, आणि तेवढ्यावरून आपण ओळखलेत की हा नुसता थकवा नाही, उष्माघात आहे.

एक स्वयंसेवक माझ्या तोंडाला पाण्याची बाटली लावत होता. ती आपण बाजूला केलीत, कारण शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या घशाखाली पाणी ओतणे धोक्याचे असते. मासळी घेऊन बसलेल्या दोन कोळणींकडे आपण बर्फ मागितलात. त्यांनी क्षणाचाही विचार न करता पापलेटावरचा बर्फ उपसून दिला आणि गोणपाट भिजवून आणले. मला सावलीत आडवे करून मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावला गेला, अंगावर ओले गोणपाट पडले, ते गरम झाले की बदलले जात होते आणि कोणीतरी पुठ्ठ्याने सतत वारा घालत होते. रुग्णवाहिका यायला पंचवीस मिनिटे लागली. रुग्णालयात मोजले तेव्हा शरीराचे तापमान ३९.१ अंश होते. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या की आधी ते चाळीसच्या बरेच वर असणार आणि ज्याने आधी गार केले, त्याने तुमचे मूत्रपिंड आणि यकृत वाचवले. बर्फाच्या पाण्याने भरलेला टब मिळाला तर तो सर्वांत उत्तम, पण टब नाही म्हणून हातावर हात ठेवून रुग्णवाहिकेची वाट पाहायची नसते. आधी गार करायचे आणि मग हलवायचे, हा क्रम आपण त्या दिवशी पाळलात. त्या दोन मावश्यांनाही या पत्रातून माझा नमस्कार.

बरी झाल्यावर मी आपल्याकडे आले ती तक्रार घेऊन. मी अकोल्याची आहे. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात शाळेत गेलेली, मे महिन्यात गच्चीवर पापड-कुरडया वाळवलेली मुलगी डोंबिवलीजवळच्या तेहतीस अंशांत कोसळते, याचा मला राग आला होता आणि लाजही वाटत होती. आपण मला एकच प्रश्न विचारलात: "माहेरी कूलर आहे का?" आहे, मी म्हणाले. "मग डोंबिवलीत का घेतला नाहीत?" कारण इथे तो चालत नाही, हे मला ठाऊक होते, पण का चालत नाही, याचा विचार मी कधी केला नव्हता. कूलरमधले वाळ्याचे पडदे भिजतात, कोरडी हवा त्यातले पाणी ओढून घेते आणि पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते. माणसाचा घाम तेच काम करतो. हवाच आधी पाण्याने भरलेली असेल, तर ती आणखी पाणी घेत नाही, आणि मग कूलर नुसता ओली हवा फेकतो व अंगावरचा घाम नुसता खाली टपकतो. टपकलेल्या घामाने कोणी गार होत नाही. अकोल्याच्या उन्हात वाढलेल्या माझ्या शरीराला घाम वाळण्याची सवय होती. खाडीकाठी तो वाळत नव्हता. त्या दोन मिनिटांत माझी लाज गेली, सर.

त्यानंतर आपण शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले ते दोन तापमापक मैदानावरच्या पिंपळाच्या फांदीला टांगलेत. एक कोरडा, दुसऱ्याच्या टोकाच्या पाऱ्याच्या फुग्याभोवती ओल्या मलमलीची चिंधी. पावसाळ्यानंतरच्या त्या पहाटे कोरड्यावर सत्तावीस आणि ओल्यावर पंचवीस अंश असत. आपण म्हणत होता की कोरड्याकडे पाहून कपडे ठरवा आणि ओल्याकडे पाहून वेग ठरवा. दोन्हींतले अंतर जितके कमी, तितका घाम निरुपयोगी. मोठ्या स्पर्धांत धोक्याची पातळी ठरवण्यासाठी जो निर्देशांक वापरतात, त्यातही ओल्या फुग्याच्या तापमानाला सत्तर टक्के वजन दिलेले असते, उन्हाच्या झळीला वीस आणि साध्या तापमानाला फक्त दहा. हे आपण वहीत लिहून दाखवलेत. आम्ही सारे मात्र फोनवरचे साधे तापमान पाहून घराबाहेर पडत होतो.

त्याच वहीत माझ्या घामाचा हिशोब आहे. तासभर धावण्याआधी अंग कोरडे करून वजन ५८.४ किलो, धावून आल्यावर पुन्हा कोरडे करून ५७.३, मध्ये प्यायलेले पाणी तीनशे मिलिलिटर. म्हणजे तासाला जवळजवळ १.४ लिटर घाम. मग आपण दुसरी बाजू मांडलीत. किलोमागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी या हिशोबाने मी तासात नऊ किलोमीटर धावताना सव्वापाचशेच्या आसपास किलोकॅलरी जाळते, तिच्यातली किमान तीन चतुर्थांश उष्णता होते, आणि एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे वाळला असता तर पाऊण लिटरहूनही कमी घाम पुरला असता. उरलेला अर्धा मी मैदानाला पाजत होते. बँकेत दिवसभर आकडे जुळवणाऱ्या मला यापेक्षा स्पष्ट भाषा कोणी बोलू शकला नसता.

डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत आपण मला मैदानात पाऊलही टाकू दिले नाहीत, आणि ती मिळाल्यावर पहिले चौदा दिवस वेग पाहू दिला नाहीत. रोज तासभर, सकाळी आठच्या उन्हात, नाडीच्या मर्यादेत. मर्यादा ओलांडली की चालायचे. त्या दिवसांत मला फार अपमान झाल्यासारखे वाटे, कारण माझ्याहून वयाने मोठ्या बायका पुढे निघून जात. आत काय चालले होते, ते आपण नंतर समजावलेत. उष्ण हवेत रोज थोडे श्रम केले की पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रवभाग वाढतो, त्यामुळे हृदयाला तेच काम कमी ठोक्यांत होते; मग घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यात मीठ कमी जाते. हे बहुतेक सारे दहा-चौदा दिवसांत घडते. माझ्या वहीत पहिल्या दिवशी त्याच वाटेवर, त्याच वेगाने नाडी १६२ आहे आणि तेराव्या दिवशी १४९. मात्र ही कमाई बँकेतल्या मुदत ठेवीसारखी राहत नाही. उष्म्यात जाणे थांबले की दोन-चार आठवड्यांत ती ओसरते.

म्हणूनच डिसेंबरमध्ये, सारे धावपटू पहाटेच्या गारव्याचा फायदा घेत असताना, आपण आम्हांला आठवड्यातून एकदा साडेसातला सुरुवात करायला लावत होता. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते आणि जानेवारीतली पहाट सुखाची असते, हे खरे. पण पाच तास लावणारा माणूस गारव्यात निघतो आणि उन्हात पोहोचतो. पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर येतो, तेव्हा सूर्य चांगला वर आलेला असतो. अडीच तासांच्या आत संपवणाऱ्यांसाठी लिहिलेली वेळापत्रके आम्ही तशीच्या तशी पाळत होतो. आमची स्पर्धा वेगळ्या हवेत संपते, हे आम्हांला आपण दाखवलेत.

पाण्याबाबत आपण सर्वांत कठोर होता. त्या ऑक्टोबरनंतर मी घाबरून दिसेल तिथे पाणी पिऊ लागले होते. एका लांब धावेनंतर माझे वजन कमी होण्याऐवजी अर्धा किलो वाढलेले पाहून आपला आवाज चढला होता, तो मला अजून आठवतो. घामातून मीठ जाते आणि वर नुसते पाणी भरत राहिले, तर रक्तातले सोडियम पातळ होते. त्यानेही माणूस गोंधळतो, कोसळतो आणि मरूही शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत पूर्ण केलेल्या ४८८ जणांचे रक्त तपासले गेले, तेव्हा त्यांतल्या १३ टक्के लोकांचे सोडियम सामान्य पातळीच्या खाली आढळले, हे आपण तेव्हा सांगितलेत. तेव्हापासून मी तहानेप्रमाणे पिते, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी बरोबर ठेवते आणि घरी आल्यावर आधी काट्यावर उभी राहते. डोक्यावर आणि मानेवर ओतायचे पाणी वेगळे आणि प्यायचे वेगळे, हा भेदही आपलाच.

शनिवारी संध्याकाळी आपण सांगत असलेल्या गोष्टींतल्या दोन माझ्याबरोबर राहिल्या आहेत. एक १९८४ च्या लॉस एंजेलिसची. ऑलिंपिकमधली ती महिलांची पहिलीच मॅरेथॉन. स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस शेवटचे पाण्याचे ठिकाण चुकवून मैदानात आली, एका बाजूला झुकत, अडखळत, आणि शेवटच्या चारशे मीटरला तिला सुमारे पावणेसहा मिनिटे लागली. तिला घाम येतो आहे हे पाहून डॉक्टरांनी तिला पुढे जाऊ दिले. जग तिच्या जिद्दीसाठी टाळ्या वाजवते. आपण आम्हांला तिच्या घामाकडे पाहायला सांगितलेत. धावताना होणाऱ्या उष्माघातात माणूस बहुधा घामाने निथळतच असतो, म्हणून "अंग कोरडे नाही, म्हणजे काही झाले नाही" हा समज जीवघेणा आहे. मीही त्या दिवशी नखशिखान्त भिजलेली होते. दुसरी गोष्ट २०१९ च्या दोहाची. जागतिक स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन उन्हामुळे मध्यरात्री ठेवली, तरी तापमान बत्तीसच्या वर आणि आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर. ६८ जणी निघाल्या आणि ४० जणी पोहोचल्या. जिंकणाऱ्या केनियाच्या रुथ चेपनगेटिचला २ तास ३२ मिनिटे ४३ सेकंद लागले. तिने तो वेग हवेकडे पाहून मान्य केला होता, असे आपण म्हणालात, आणि सोडून देणाऱ्या २८ जणींना आपण एकदाही हरलेल्या म्हटले नाहीत.

गेल्या जानेवारीत मी पेडर रोडचा चढ चालत चढले. आपण आखून दिल्याप्रमाणे टोपीत बर्फ घातला, नाडी उतरेपर्यंत धावले नाही आणि मरीन ड्राइव्हवर पुन्हा धावू लागले. ५ तास १८ मिनिटे लागली. शेवटच्या रेषेपलीकडे मुलीने नाव विचारले, ते ठरलेलेच होते, आणि मी सासरचे आडनाव नीट सांगितले. ती रडली, मी रडले.

आपल्या गुडघ्यामुळे या हंगामापासून मैदानावर रोज येणे आपल्याला जमणार नाही, हे कळल्यावर आम्ही कामे वाटून घेतली आहेत. पिंपळावरच्या तापमापकाची मलमल बदलण्याचे काम एकाकडे, वजनकाटा आणि वही दुसऱ्याकडे. नव्याने येणाऱ्यांना पहिले चौदा दिवस घड्याळ काढून ठेवायला लावण्याचे अवघड काम आमच्यातल्या सर्वांत वेगवान मुलाने स्वतः मागून घेतले आहे. लांब धावेच्या दिवशी बर्फाची पेटी, चार चादरी आणि मोठा टब मी आणते. बर्फ त्याच मावश्यांकडून घेते. त्या पैसे घेत नव्हत्या, आता हट्टाने देते. या रविवारी चोवीस किलोमीटर आहेत आणि सुरुवात साडेसातला आहे. झाडाखाली आपली खुर्ची मांडलेली असेल.

आपली विद्यार्थिनी,
डोंबिवली