शकू, पान २११ बद्दल तूच खरी होतीस

सदर, नागपूर
मंगळवार, पहाट

प्रिय शकू,

सप्रेम सलाम.

आठ वर्षं नाताळच्या दोन ओळींवर काढली आपण, आणि आज एकदम एवढं जाड पाकीट बघून तुझ्या काळजात धस्स होईल. तसं काही नाही, सगळे जिवंत आहेत. शुगर आटोक्यात, गुडघा जसा होता तसा. ऊन पंचेचाळिशीच्या वर गेलंय, कूलरच्या टाकीत दिवसातून दोनदा पाणी ओतते. झाली तब्येतीची बातमी.

फोनच करणार होते. दोनदा नंबर काढला. पण फोनवर तू पहिल्या वाक्यालाच "काय झालं ते आधी सांग" म्हणशील, आणि हे मला आधीपासूनच सांगावं लागणार आहे.

परवा रविवारी उपासना संपल्यावर आवारात कडुनिंबाखाली चहा चालला होता. एक बाई आली. तिशीची असेल, फिकट पिवळी साडी, डोक्यावर पदर. म्हणाली, "ताई, कामठीहून आले. ऑटोमोटिव्ह चौकातून मेट्रो घेतली, कस्तुरचंद पार्कला उतरून चालत आले. तुमची सही पाहिजे." तिच्याजवळ माझी तीच कादंबरी होती. तुला माहीत आहे कुठली. कॅलेंडरच्या पानाचं कव्हर, कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेलं, खूण म्हणून बसचं तिकीट. पुस्तक आपोआप एकाच जागी उघडत होतं, शकू. पान २११. निळ्या बॉलपेननं अख्खा परिच्छेद अधोरेखित केलेला, आणि काही ओळींखाली दोनदा, कागद फाटेस्तोवर.

मी खूश झाले. खरं सांगते, कोण होणार नाही? हजाराची आवृत्ती संपायला तीन-तीन वर्षं लागतात आपल्याकडे, आणि इथे एक वाचक उन्हातान्हात एवढ्या लांबून आलेली. मी पेन काढलं आणि त्या पुस्तकावर नेहमी लिहिते तेच क्षमेचं वचन लिहिलं, "साताच्या सत्तर वेळा", खाली सही. पुस्तक परत घ्यायला तिनं पदराखालचा हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर. कडेनं मळलेलं, बोटं सुजलेली. त्या हातात बांगडी नव्हती, दुसऱ्या हातात चार होत्या.

"पडलात का?" मी विचारलं. ती म्हणाली, "न्हाणीत पाय घसरला." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "मागच्या वर्षी माहेरी निघून गेले होते ताई. सात महिने राहिले. मग तुमचं पुस्तक वाचलं. तुमच्या नायिकेनं क्षमा केली न, तशी मीही केली. परत आले. तुमचे लई उपकार आहेत."

तेवढ्यात फाटकाबाहेर मोटारसायकलचा हॉर्न वाजला. दोनदा. तिनं वळूनही पाहिलं नाही, फक्त चहाचा कप होता तसा अर्धा भरलेला ओट्यावर ठेवला आणि गेली. माझं पेन उघडंच होतं, ब्लाउजला शाईचा डाग पडलाय.

"न्हाणीत पाय घसरला." हे वाक्य मला कुणी शिकवलं होतं, शकू? तू. नाशिकला तुझ्या स्वयंपाकघरात, प्रुफं समोर ठेवून. तू म्हणाली होतीस, वीस वर्षं कॅज्युअल्टीत काढली मी, सगळ्या बाया न्हाणीतच घसरतात, आणि नवरा पडद्याबाहेर उभा राहून डॉक्टरला पाणी लागेल का विचारत असतो. तू म्हणाली होतीस, ह्या माणसाला घरात घेऊ नकोस, घेतलास तर पान २१२ वर हिचा दात पडेल, आणि ते पान तू लिहिणार नाहीस. आणि मी तुला काय म्हणाले? "तुझा कृपेवर विश्वासच नाही." तू पोळी तव्यावरून उतरवलीस, गॅस बंद केलास आणि बाहेर जाऊन बसलीस. मी रात्रीच्या गाडीनं परत आले.

ते वाक्य मी परत घेते. त्याच रात्री घ्यायला हवं होतं. ज्या बाईनं वीस वर्षं लोकांच्या उलट्या पुसल्या, तिला मी कृपा शिकवायला निघाले होते.

दिगूमामा असते तर म्हणाले असते, पोरींनो, भांडण पुस्तकावरून नाही, पोळीवरून झालं. आठवतं, ते प्रत्येक कादंबरी शेवटच्या पानापासून वाचायचे आणि संडे स्कूलच्या पोरांना खुनी कोण ते सांगून टाकायचे? माझ्या दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी तर त्यांनी पाळकसाहेबांनाच सांगितलं, आणि पाळकसाहेब अर्ध्यात होते! दोन रविवार उपदेशात धार नव्हती बाप्पा.

असो. झोप नाही. नेहमीसारखी साडेचारला उठते, टेबलाशी बसते, कूलर बंद करते कारण त्याच्या घरघरीत वाक्याचा ठेका ऐकू येत नाही, आणि कागदाकडे बघत बसते. तुला ठाऊक आहे माझं काम कसं चालतं. प्रेम, भीती आणि श्रद्धा, तीन पेडांची वेणी. एक पेड सैल पडला की सगळी सुटते. संकट टळतं त्याच प्रकरणात दोघांनी मनातलं बोलायचं, आणि त्याच प्रकरणात कुणीतरी गुडघ्यावर यायचं. अमेरिकेत अशा ख्रिस्ती कादंबऱ्यांचं दुकानात वेगळं कपाट असतं, वाचकाला आधीच माहीत असतं आपण काय उचलतोय: शिवी नाही, शयनगृहाचं दार बंद, शेवटी आशा. मी ते बंधन कधी जाचक मानलं नाही. दार बंद ठेवूनही काळजाचा ठोका चुकवता येतो, आणि ते मला जमतं हे तूही कबूल केलंस.

पण त्या कादंबरीत मी काय केलं ते आता दिसतंय. भीतीचा पेड मी शेवटच्या वीस पानांत गुपचूप कापून टाकला. दोनशे पानं वाचकाला शिकवलं की जिन्यावरचा पावलांचा आवाज ओळख, कडी लागली का बघ, तो गोड बोलतो तेव्हा जास्त सावध राहा. आणि मग तो रडला, प्रार्थना केली, आणि तिनं कडी काढली. दोनशे पानांत मी पेरलेली एकही खूण मी शेवटी मोजली नाही. रहस्यकथा म्हणूनही ती लबाडी आहे. पेरलेलं उगवलंच पाहिजे, हा तर आपल्या धंद्याचा पहिला नियम.

आणि वेळ बघ कशी. प्रकाशकांना त्याच पुस्तकाची तिसरी आवृत्ती काढायची आहे, नाताळच्या स्टॉलसाठी. मजकूर महिनाअखेर पाहिजे. मी सोमवारी सकाळीच त्यांना सांगितलं, शेवटचं प्रकरण बदलायचंय. ते म्हणाले, "ताई, लोक ह्या शेवटासाठीच पुस्तक घेतात. मारहाण, कोर्ट, पोलिस हे सामाजिक कादंबरीत. आपल्या पुस्तकात समेट पाहिजे." मी त्यांना बाबा पदमनजींची आठवण दिली. १८५७ साली 'यमुनापर्यटन' छापलं त्या माणसानं, मराठीतल्या पहिल्या कादंबरीचा मान बहुतेक जण त्यालाच देतात, आणि तिचा विषय काय? विधवांचे हाल. गावोगाव फिरून दिसलेले हाल. मराठी ख्रिस्ती माणसानं कादंबरी लिहायला घेतली तीच बायकांचं दुःख सांगायला, आणि आज आपण म्हणायचं की ते आपलं खातं नाही? ते गप्प बसले. पटलं म्हणून की मी मोठ्यानं बोलले म्हणून, कोण जाणे.

"साताच्या सत्तर वेळा" मी इतक्या पुस्तकांवर लिहिलं, पण मत्तयाचा अठरावा अध्याय सबंध वाचून किती दिवस झाले होते! काल रात्री वाचला. त्या ओळीच्या थोडं आधीच लिहिलंय की भावानं अपराध केला तर त्याला तोंडावर सांग, ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना घेऊन जा, तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. म्हणजे साक्षीदार आधी आलेत, शकू. मी वरचं झाकून खालचं वाटत सुटले होते.

आणि मग पहिला शमुवेल, अध्याय २६. हे तुला सांगण्यासाठीच खरं तर पत्र लिहायला बसले. दाविदाच्या जिवावर उठलेला शौल राजा झोपलाय, उशाशी भाला जमिनीत रोवलेला, शेजारी पाण्याचा चंबू. दावीद आणि अबीशय रात्री छावणीत शिरतात. अबीशय म्हणतो, एका घावात संपवतो. दावीद नको म्हणतो, फक्त भाला आणि चंबू उचलतो आणि पलीकडच्या डोंगरावर जाऊन उभा राहतो, मध्ये भरपूर अंतर ठेवून. तिथून हाक मारतो. शौल जागा होतो, गहिवरतो, म्हणतो माझं चुकलं, माझ्या मुला दाविदा परत ये, आता तुला काही करणार नाही. हेच ना गं ते सगळे म्हणतात? शब्दन्‌शब्द हेच. दावीद काय करतो? म्हणतो, हा राजाचा भाला, एखाद्या तरुणाला इकडे पाठवून न्यायला सांग. भाला द्यायलासुद्धा तो स्वतः दरी ओलांडत नाही. मग दावीद आपल्या वाटेनं जातो आणि शौल आपल्या ठिकाणी.

मारायची संधी असून मारलं नाही, वर भालाही परत केला. याहून मोठी क्षमा कुठली? पण परत गेला नाही. लहानपणापासून ही गोष्ट फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं चिकटवून शिकलोय आपण, मीच पोरांना किती वर्षं शिकवली, आणि ते मधलं अंतर मला कधी दिसलं नाही. चित्रात दोन डोंगर शेजारी-शेजारी चिकटवायचो, जागा पुरायची नाही म्हणून.

तर आता शेवटचं प्रकरण असं लिहितेय. तो दाराशी येतो, रडतो. ती कडी काढत नाही. खिडकीतून बोलते. माझ्या भाचीनं, ती वकिली करते ना आता, कायदा नीट समजावला. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. मला वाटायचं बाईनंच घर सोडायचं असतं. तसं नाही. घर कुणाच्याही नावावर असो, तिला त्या घरात राहायचा हक्क आहे, आणि न्यायाधीश मारणाऱ्यालाच घराबाहेर राहा म्हणून हुकूम देऊ शकतात. संरक्षण अधिकारी असतो, त्याच्यामार्फत अर्ज करता येतो. अर्ज आला की पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत, असं कायद्यात लिहिलंय. कागदावरचं आणि खरं यात फरक पडतो म्हणाली भाची, पण तीन दिवस ही मुदत मला मिळाली! अर्ज टाकला ती सकाळ ते पहिली तारीख, ह्या तीन दिवसांत सगळं शेवटचं प्रकरण घडतं. नायकही तिला वाचवायला धावत येत नाही, साक्षीदार म्हणून उभा राहतो. आणि ती नवऱ्याला क्षमा करते, शकू. ते मी काढलेलं नाही, काढणारही नाही. फक्त खिडकीतून करते.

हे कागदावर. पण कामठीची ती बाई कागदावर नाही. महिला मंडळाच्या बेबीताईंना तिचं घर माहीत निघालं. सोमवारी दुपारी आम्ही दोघी गेलो, पुस्तक भेट द्यायचं निमित्त करून. नवरा घरात होता. आम्हाला बसायला खुर्ची पुसून दिली, स्वतः जाऊन थंडा घेऊन आला. तो बाहेर गेला तेवढ्या पाच मिनिटांत मी तिला महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर सांगितला, पोलिसांच्या भरोसा सेलचं सांगितलं. बुकमार्कच्या मागे नंबर लिहून दिला. तिनं तो वाचला आणि मला परत केला. म्हणाली, "पण ताई, तुमच्या पुस्तकात तर तो बदलतो." मी म्हणाले, मी चुकीचं लिहिलं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली जसं मी तिच्या घरातलं काहीतरी उचलून चालले आहे. मग तो थंडा घेऊन आला.

मी काय बोलायला हवं होतं? हे मला तुझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. पडदा बाजूला करून नवरा आत यायच्या आधी तुझ्याकडे एक-दोन मिनिटं असायची. तू त्या बायांना काय विचारायचीस? की विचारायचीच नाहीस? आधी हात धरायचीस का? नंबर लिहून द्यायचीस की तोंडपाठ करून घ्यायचीस? आता सुचतंय, लिहिलेला नंबर त्याला सापडला असता. म्हणून परत केला का तिनं?

प्लास्टर काढायला ती येत्या शुक्रवारी नागपुरात येणार आहे, बेबीताई सोबत जाणार आहेत आणि नवऱ्याची ड्यूटी आहे. म्हणजे निदान दोन तास. मी बाहेर बाकावर असेन. त्याच्या आधी मला फोन कर. पत्र स्पीड पोस्टनं टाकतेय म्हणजे गुरुवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. रात्री कितीही वाजता कर, उचलेन.

तुझ्या रिटायरमेंटचं कळलं, शाल कुठल्या रंगाची दिली? धाकट्याला पुण्यात नोकरी लागली हे फार चांगलं झालं, त्याच्या लग्नाचं आत्ताच काढू नकोस. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं का? मी विचारलं म्हणून सांग.

प्रकरणाची सोळा पानं सोबत घातली आहेत, हातानंच लिहिली. लाल पेननं वाच. तेव्हा वाचली होतीस तशी.

तुझी,
वत्सू

ता. क. सहीचं ते पुस्तक तिच्याकडेच आहे. शुक्रवारी तिनं आणलं तर त्या ओळीखाली आणखी काही लिहू, की ते पानच मागून घेऊ? तेही सांग.