छायाचित्रातला अशोक हा अशोक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला अशोकावरचा लेख वाचला. मजकुरात सीतामाई, अशोकवन, सगळे भक्तिभावाने आलेले, आणि शेजारी छायाचित्र आसोपालवाचे! इतर कुठल्या गावात हे खपले असते. वडोदऱ्यात दिवाळीला ज्याची तोरणे दारोदार लागतात, ते झाड आपल्या कचेरीत कोणालाच ओळखू आले नाही?

आसोपालव सीताफळाच्या कुळातला. पान एकेकटे, कडा नागमोडी, फूल हिरवट. खरा अशोक म्हणजे सीताअशोक, तो शेंगांच्या कुळातला, सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात ओढ्याकाठी वाढणारा. त्याच्या एका देठावर पर्णिकांच्या चार-सहा जोड्या असतात, कोवळी पालवी तांबूस आणि मलूल लोंबते, आणि फुलांचे गुच्छ आधी केशरी-पिवळे, मग लाल होत जातात.

माझ्या आईचे माहेर कोकणातले. त्या अंगणात सीताअशोक होता. चैत्रातल्या अशोकाष्टमीला ती त्याच्या आठ कळ्या पाण्यातून घ्यायची. लग्न होऊन दांडिया बाजारच्या वाड्यात आली आणि कळ्या मिळेनाशा झाल्या. तरी तिने तिथी चुकवली नाही, नुसते पाणी घ्यायची. २०१४ साली ती गेली. वर्षश्राद्धानंतर मी इथल्या एका रोपवाटिकेतून 'सीताअशोक' आणून सोसायटीत तिच्या नावाने लावला. तेव्हा पान नीट निरखले नाही, ही माझी चूक. पाच उन्हाळे बादलीने पाणी घातले. झाड सरळसोट वाढले आणि फुलले ते हिरवट. आसोपालव! जाब विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, "काका, दोन्ही अशोकच." काल आपणही तेच छापलेत, म्हणून हे पत्र.

औषधातही हाच घोळ आहे. अशोकारिष्टासाठी लागणाऱ्या सालीत आसोपालवाच्या सालीची भेसळ होते, आणि ते औषध बायका विश्वासाने घेतात. दुसरीकडे त्याच सालीपायी जंगलातला खरा अशोक ओरबाडला गेला. १९९८ साली धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद 'असुरक्षित' अशी झाली. लेखात यातले एक अक्षर नाही.

झाडांचा विषय निघालाच आहे, तर आमच्या रस्त्यावरच्या कडुनिंबांच्या बुंध्याला भिडवून फरश्या बसवल्या, पाणी मुरायला वीतभर माती ठेवली नाही, याबद्दल मी जूनमध्ये पाठवलेले पत्र आपण छापले नाही. त्यातला एक कडुनिंब आता वाळला आहे.

दुरुस्ती कोपऱ्यात दोन ओळींत उरकू नका. त्याच पुरवणीत, खऱ्या अशोकाच्या फुलांच्या छायाचित्रासह द्या. आणि शहरात कोणाच्या अंगणात सीताअशोकाला शेंगा धरल्या असतील, तर मला चार बिया हव्या आहेत. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

आपला,
एक जुना वाचक, मांजलपूर, वडोदरा