ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील वस्त्यांच्या रिले शर्यतींसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाच्या वस्तीवार रिले शर्यती यंदाही संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी घ्याव्यात, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. मात्र मंडळाच्या खात्यात आज असलेल्या शिलकीतून मैदानावर चुना आखण्याचाही खर्च भागणार नाही, म्हणून हे पत्र.

ज्यांच्या आधाराने या शर्यती उभ्या राहिल्या, त्यांचे स्मरण केल्याशिवाय काही मागणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पहिल्या वर्षी जिन्सीतील आपल्या एका सुतार सभासदाने खरादीवर शिसवाच्या बॅटन (धावताना एकाने दुसऱ्याच्या हाती द्यायच्या दांड्या) घडवून दिल्या. नियमाप्रमाणे बॅटन पोकळ लागते आणि या भरीव आहेत, त्यामुळे आता त्या वापरता येत नाहीत. पण कार्यालयाच्या कपाटात त्या अजूनही जपून ठेवल्या आहेत. सराफ्यातील एका सद्गृहस्थांनी स्टॉपवॉच दिली आणि आपले नाव कोठेही छापू नये, अशी सक्त ताकीदही दिली, जी आम्ही येथेही पाळत आहोत. दौलतगंजातील आपल्या सर्वांच्या काकू हयात असेपर्यंत दरवर्षी धावणाऱ्या मुलांसाठी घरून गूळपोळ्या करून आणीत आणि हरलेल्या संघाला आधी वाढत. टोकियो ऑलिंपिकमध्ये मिश्र रिलेचा प्रथमच समावेश झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे दोन मुलगे आणि दोन मुली असा संघ धावत आला आहे, याचा आम्हांस सार्थ अभिमान आहे.

‘धावायला पैसे कशाला लागतात?’ असे काही सभासद विचारतात. एकट्याने धावायला फारसे लागत नाहीत. रिलेचे तसे नाही. ४×१०० मीटर (चौघांनी प्रत्येकी १०० मीटर धावायच्या) शर्यतीत बॅटन ३० मीटरच्या आखलेल्या पट्ट्यातच एका हातातून दुसऱ्या हातात जावी लागते आणि घेणारा मागे न पाहता, पूर्ण वेगात हात मागे करतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अमेरिकेचा पुरुष संघ याच अदलाबदलीत चुकून बाद झाला, मग गल्लीत सराव करणाऱ्या आपल्या मुलांची काय कथा! याउलट, सरावाने एकजीव झालेल्या भारतीय महिलांनी २००२ ते २०१८ या काळात आशियाई क्रीडास्पर्धांतील ४×४०० चे सुवर्ण सलग पाच वेळा जिंकले आणि २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत आपल्या पुरुष संघाने याच शर्यतीत २ मिनिटे ५९.०५ सेकंद असा त्या वेळचा आशियाई विक्रम नोंदवला. म्हणूनच मोजून आखलेल्या ४०० मीटरच्या मैदानावर, जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली महिनाभर सराव करणे आवश्यक आहे.

नाट्यप्रयोगाच्या वेळी आपले सभागृह ओसंडून वाहते आणि गणेशोत्सवाची वर्गणी न मागता येते. गेल्या वर्षी शर्यतींसाठी दिलेली पावतीपुस्तके मात्र बहुतांशी कोरीच परत आली आणि मैदानावर मांडलेल्या खुर्च्यांवर मुलांचे आईवडील सोडल्यास कोणी नव्हते. १९५७ साली देशातील शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने ज्या ग्वाल्हेरात सुरू झाले, तेथील मराठी समाजाने धावणाऱ्या मुलांकडे अशी पाठ फिरवावी, याचे वाईट वाटते. ही तक्रार नव्हे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

मैदानाचे भाडे व आखणी, अॅल्युमिनियमच्या बॅटन, प्रशिक्षकाचे मानधन, दूध-चिक्की आणि प्रथमोपचार मिळून ₹ ४५,००० लागतील. रोख रक्कम किंवा मंडळाच्या नावाचा धनादेश कार्यालयात सायंकाळी ६ ते ८ या वेळेत (सोमवार सोडून) स्वीकारला जाईल. पावती अवश्य घ्यावी. वस्तुरूपाने, विशेषतः स्पाइक्सचे वापरलेले पण धड बूट दिल्यास तेही हवे आहेत. पंच व वेळाधिकारी म्हणून उभे राहण्यास तयार असणाऱ्यांनी नाव नोंदवावे. संघांची नावे १५ डिसेंबरपर्यंत, वयाच्या दाखल्यासह द्यावीत. ज्या वस्तीत चार मुले जमत नसतील, तिने शेजारच्या वस्तीशी बोलून एकत्र संघ केला तरी चालेल. गेल्या वेळचा यावरचा वाद मिटलेला आहे.

आपला,
कार्यवाह
(कार्यकारिणीच्या वतीने)