वेराक्रूझच्या मास्तरांना, त्या चाळीस सेकंदांसाठी

मास्तर,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला स्पॅनिशमध्ये वेगळं लिहीनच. हे मराठीत, कारण हाराना, म्हणजे मेक्सिकोतल्या तुमच्या वेराक्रूझचं गिटारसारखं तंतुवाद्य, हातात घेऊन अडलेल्या मराठी हातांनाही वाचता यावं. तुमची चाळीस सेकंदांची फाईल ऐकताना अजून घसा दाटतो.

तिच्यात सूर एकही नाही. डाव्या हाताची तीन बोटं तारांवर आडवी टेकवून तुम्ही नुसता उजवा हात ऐकवलात, आणि पायाखाली फळी. तीन बोटं का, तेही सांगितलंत: एकच बोट टेकवलं तर पाचव्या किंवा सातव्या पडद्यावर शिट्टीसारखा सूर निघतो आणि कान तिकडे पळतो.

डाऊन-अप, डाऊन-अप, डाऊन-अप असे सहा स्ट्रोक. हात असा चालला की जोर आपसूक १, ३, ५ वर पडतो. सोन हारोचोला, म्हणजे वेराक्रूझच्या लोकसंगीताला, त्याच सहांत १ आणि ४ वरचा जोरही हवा, आणि चौथा स्ट्रोक नेमका अप. गिटारवर मुरलेला हात अपवर जोर देत नाही. गाडी तिथेच रुतते. मराठी कानात तर दादऱ्याचं तीन-तीन आधीच बसलेलं, म्हणजे कान एकीकडे, हात दुसरीकडे. तुमचा उपाय: पाय १ आणि ४ वर, हात १, ३, ५ वर, जमलं की अदलाबदल. सहा स्ट्रोकना तीन सेकंद, त्याहून जलद नाही. रोज दहा मिनिटं. चौथ्या स्ट्रोकच्या अपला बोट अडखळत असेल तर सगळ्या तारा घ्यायच्या नाहीत, खालच्या तीन जागाच (एक जागा म्हणजे एक तार किंवा तारांची जोडी) घ्यायच्या.

एवढंच सांगायचं होतं हो! पैसे घेऊन शिकवणारे मात्र ‘ताल रक्तात असावा लागतो’ म्हणून हात झटकतात. वर सुरुवात करून देतात ‘ला बाम्बा’वर, कारण १९५८ च्या रिची व्हॅलेन्सच्या रॉक रेकॉर्डमुळे ते सगळ्यांना ठाऊक. पण ‘ला बाम्बा’ चाराच्या हिशेबात चालतं. तीन कॉर्ड बसतात, सहाची गाठ पडतच नाही, आणि पुढे ‘एल सिकिसिरी’सारखं सहाचं गाणं आलं की शिकणारा स्वतःलाच बेताल समजून वाद्य खुंटीला टांगतो. मेक्सिकोचं सगळं संगीत ‘मारियाची’ नावाच्या एकाच पोत्यात भरणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

बाकीचं, म्हणजे तारा सुरात लावणं, तुम्ही दोन ओळींत उरकलंत. आठ तारा, पाच जागा: सोल, दो-दो, मी-मी, ला-ला, सोल. दोला सा धरलं तर प, सा, ग, ध, प. सरकणाऱ्या लाकडी खुंटीला खडू, अडकणारीला कोरडा साबण.

हा चांगुलपणा तुमच्या फांदांगोतच, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवायच्या, गायच्या, नाचायच्या मैफलीतच आहे, असं वाटतं. नवखा मागच्या रांगेत उभा राहतो, जाणत्याच्या डाव्या हाताकडे बघत हळू वाजवतो, त्याला कुणी हुसकत नाही. गाणाऱ्यानं तोंड उघडलं की तारिमावर, म्हणजे लाकडी चौथऱ्यावर, नाचणाऱ्या बायका पाय हलके करतात, कारण शब्द ऐकू यायला हवेत. कडवं संपलं की पुन्हा टाचा दणदणतात. दुसऱ्याचा आवाज पुढे यावा म्हणून स्वतःचा आवरणं ही केवढी मोठी माणुसकी! तुम्हीही तेच केलंत. इतकं सुरेल वाजवता, पण शिकणाऱ्याला ठोका ऐकू यावा म्हणून स्वतःच्या सगळ्या तारा मुक्या केल्यात.

आणि फाईलच्या नावात गाव, वर्ष, सोनचं म्हणजे गाण्याचं नाव, कोणत्या मापाची हाराना, सगळं लिहिलंत. नुसतं ‘ऑडिओ १’ असतं तर दुसऱ्याच फोनवर ती अनाथ झाली असती. ती पुढे तिघांना पाठवली आहे. नावातलं एक अक्षरही बदललेलं नाही.

तुमची ऋणी,
मागच्या रांगेतली एक विद्यार्थिनी